जांभळ्या नखांच्या गाड्या

आमच्या चौकातल्या चाकमास्तरांनी आयुष्यात कधी इंजिनाला हात लावला नाही. कोणी बॉनेट उघडून "मास्तर, जरा ऐकता का, आतून खरखर येतेय," असं म्हणालं की ते मान वळवून दुसरीकडे बघत. जणू कोणी परक्या घरातली भांडणं त्यांना सांगतंय. "ते पलीकडच्या गॅरेजात. माझं राज्य जमिनीपासून गुडघ्यापर्यंत."

राज्य छोटं होतं. चाक, चाक ज्यावर बसतं तो हब, हबातून बोटांसारखे बाहेर आलेले चार-पाच स्टड आणि त्या स्टडवर फिरवायचे नट. बस्स. पण कायदा कडक. नट पहिल्यांदा बोटांनीच फिरवायचा, पान्यानं नाही. "पाना आंधळा असतो. नट वाकडा शिरला तरी तो ढकलत राहतो. बोटाला लगेच कळतं." स्टडच्या आट्यांना तेल चोपडणाऱ्या माणसाकडे ते असे बघत, की त्यानं बाटली हळूच पाठीमागे लपवावी. "तेल केसांना. आट्यांना तारेचा ब्रश." नट आवळायचे ते ओळीनं नाही, समोरासमोरचे, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. आणि एक स्टड तुटला तर शेजारचे दोघेही तपासायचेच. "तो गेला तेव्हा त्याचा भार कोणी उचलला? या दोघांनी. दमलेत बिचारे, बोलत नाहीत एवढंच."

सगळं आवळून झालं की मास्तर नटापासून चाकाच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ ओढत. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ मधोमध तुटलेली दिसणार. "भांग वाकडा दिसला की माझ्याकडे या," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. ही रेघ ते ओढत नेलपॉलिशनं. कारण साधं होतं. रंग पावसापाण्यात टिकतो, ब्रश झाकणालाच असतो आणि काकूंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, धाकटी बहीण ब्यूटी पार्लर चालवते. ज्या रंगाकडे तिची गिऱ्हाइकं नाक मुरडत, ती बाटली काकूंकडे येई. काकूही नाक मुरडत आणि ती मास्तरांकडे जाई. अशा रीतीनं गावातल्या बायकांनी नाकारलेले झाडून सगळे रंग आमच्या गाड्यांच्या चाकांवर फिरत. बाटली संपली की रंग बदले. मधे एकदा पोपटी आला होता. त्यात एका वकिलांची काळी, गंभीर गाडी सापडली. पुढचे दोन महिने वकीलसाहेब कोर्टाच्या मागच्या गल्लीत गाडी लावत होते.

मास्तरांचं दुसरं वेड म्हणजे शंभर किलोमीटर. "शंभर किलोमीटर चालवा आणि परत या. नट एकदम बसत नाही. नवा पाहुणा नाही का, आधी सोफ्याच्या कडेला टेकतो, मग हळूहळू मागे सरकतो? तसंच. एकदा बघून घेऊ." लोक मान डोलवत आणि परत येत नसत. तरी मास्तर काम झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात एक इवलंसं चाक काढत. आत नट असतील तेवढे ठिपके. गिऱ्हाईक परत आलं की चाकावर काट मारायची. नाव नाही, गाडीचा नंबर नाही.

"अहो बाबा, निदान नाव तरी लिहा," मुलगी म्हणायची.

"माणूस लक्षात ठेवायला नाव लागतं. चाकाला कशाला?"

ही मुलगी यंत्रं जोडण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथे एकही नट अंदाजानं आवळत नाहीत. ठरवलेल्या जोरापर्यंत आला की पाना स्वतःच "टक्" असा आवाज करतो आणि माणूस थांबतो. तसला एक टॉर्क रेंच तिनं तीन वर्षांपूर्वी बाबांच्या वाढदिवसाला आणून दिला होता. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं टकटक्या आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला टांगला.

"वापरा हो बाबा."

"टाळी किती जोरात वाजवायची हे मोजून वाजवतं का कोणी? हाताला कळतं."

आणि खरंच कळत असे. मास्तरांचा उजवा हात म्हणजे काटा होता. म्हणूनच त्या हाताचं जे झालं ते ऐकून सगळा चौक हळहळला.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला गेले तर हात ऐकेना. दोन दिवस दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका हलका होता, ताकद लवकर येईल, जाणीव मात्र सावकाश येईल, हाताला काम देत राहा. मास्तरांनी यातलं "ताकद लवकर येईल" एवढंच ऐकलं आणि पंधराव्या दिवशी दुकान उघडलं. आम्ही सगळे खूश. काकूंच्या बहिणीनं बरं वाटल्याबद्दल एक नवी कोरी बाटली पाठवली. रंग गडद जांभळा.

खरी गोष्ट मास्तरांनी कोणालाच सांगितली नाही. तळहात आणि दोन बोटं अशी झाली होती की जाड हातमोजा घालून जगाला शिवतोय असं वाटे. ताकद होती, पण ती किती लागतेय ते कळत नव्हतं. नट आवळला की शंका येई, बसला ना? मग थोडा आणखी. तरी शंका. मग पान्याला पाइप अडकवून थोडा आणखी. सैल राहायला नको एवढीच त्या भल्या माणसाची काळजी.

घरात याची लक्षणं दिसत होती, पण वाचता कोणाला आली नाहीत. स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं उघडेनाशी झाली. काकू साखरेची बरणी घेऊन शेजारी जात, शेजारचे दोघं मिळून ती उघडत. नळ एवढा घट्ट बंद झालेला असे की तोंड धुवायला पक्कड लागे. काकूंना वाटलं, दुखण्यानं स्वभाव चिडका झालाय. "राग आला तर बोला माझ्याशी," त्या म्हणाल्या, "बरण्यांवर कशाला काढता?"

दोन महिने असे गेले. मग एक दिवस नर्सबाई आल्या.

नर्सबाई डोंगरापलीकडच्या वस्त्यांमध्ये बाळंतपणं करायला जातात. त्यांची छोटी व्हॅन पाच नटांची. त्या दिवशी ती गोगलगाईच्या चालीनं चौकात आली. नर्सबाई उतरल्या, पर्समधून रुमाल काढला आणि मास्तरांच्या बाकड्यावर उलगडला. रुमालात दोन नट होते आणि त्यांच्या पोटात स्टडचे तुटलेले तुकडे.

"मास्तर, तुमची नखं तुटली," त्या हसत म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. "काय झालं?"

"काही नाही हो, वाटेत पंक्चर झालं. स्टेपनी लावावी म्हटलं, तर एक नट हलेल तर शपथ. पान्यावर उभी राहिले, उड्या मारल्या. माझं वजन तुम्ही बघताच आहात, तरी नाही. शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्यानं जोर लावला तर हे दोन नट मुंडक्यासकट हातात आले. उरलेल्या तिन्हींवर हळूहळू आले."

"आणि पेशंट?"

"बाळ माझ्याआधी पोचलं. आजीबाई होत्या, निभावलं. माय-लेकरू छान आहेत. पण मास्तर, प्रत्येक वेळी अशी आजीबाई असेलच असं नाही ना."

मास्तरांनी एक तुकडा उचलून डोळ्यांसमोर धरला. चांगला स्टड वरपासून खालपर्यंत सारखा असतो. याचा मधला भाग ताणला जाऊन बारीक झाला होता, गोळी चघळून चघळून होते तसा. असा तो फक्त एका कारणानं होतो, आणि ते कारण मास्तरांच्या खांद्याला लटकत होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. त्यांच्या आजारपणानंतरची सगळी इवली चाकं तिथे होती. तेवीस. जी दोन-चार शहाणी माणसं सांगितल्याप्रमाणे परत आली होती, त्यांचे नट मास्तरांनी परत आवळले होते. म्हणजे आज्ञाधारकांना दुप्पट शिक्षा.

त्यांनी नर्सबाईंना खुर्ची दिली, मुलीला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "तो टकटक्या वापरायला ये. मी आता नटाला हात लावणार नाही."

मुलीनं आठवड्याची रजा टाकली. त्या संध्याकाळी काकू, मुलगी आणि मास्तर दुकानात कॅलेंडरासमोर बसले. मास्तरांनी हाताबद्दल सगळं सांगून टाकलं. काकूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बरण्या!"

"हं."

"आणि मी तुम्हाला दोन महिने चिडका समजून गोडगोड बोलत होते. फुकट गेलं सगळं."

मास्तर कसनुसे हसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तेवीसच्या तेवीस गाड्या सापडल्या पाहिजेत. शेवटची झाली की शटर ओढायचं. ज्या हाताला स्वतःचा भरवसा नाही, त्यानं लोकांची चाकं बसवायची नाहीत." मुलगी काहीतरी बोलणार होती, पण काकूंनी डोळ्यांनी तिला थांबवलं.

आता नाव नाही, नंबर नाही, अशा तेवीस गाड्या शोधायच्या कशा? खूण एकच. जांभळी नखं.

पहिल्या दिवशी फोन झाले. मुलीनं ओळखीच्या गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. "नमस्कार, तुमच्या गाडीची नखं कुठल्या रंगाची आहेत?" यावर दोघांनी फोन ठेवला आणि तिसऱ्यानं स्वतःचं नाव सांगून तिचं विचारलं. मग पेट्रोल पंपावरच्या ताईंना कामाला लावलं. त्या तेल भरता भरता वाकून चाक बघत आणि जांभळं दिसलं की ओरडत, "थांबा! तुम्हाला मास्तरांनी बोलावलंय!" शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर "मास्तरांनी बोलावलंय" म्हटल्यावर निमूटपणे गाडी वळवली, सवय उलटी असूनही.

उरलेल्यांसाठी मास्तरांची स्वतःची जुनी गाडी निघाली. मुलगी चालवायला. काकू पुढे, खिडकीतून अर्ध्या बाहेर. मास्तर मागे, मांडीवर कॅलेंडर. बाजारातून गाडी माणसाच्या चालीनं जाई आणि मधेच काकू किंचाळत, "जांभळं! जांभळं! नाही, तो चिखल आहे. चला." मालक सापडला नाही तर काचेवर चिठ्ठी. चिठ्ठीवर मुलीनं लिहिलं होतं, "नटांची मोफत तपासणी चालू आहे." मास्तरांनी ती फाडली आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत दुसरी लिहिली. "तुमच्या चाकांचे नट मी जास्त आवळले आहेत. स्टड तुटू शकतात. गाडी हळू चालवत दुकानात आणा. चूक माझी आहे. चाकमास्तर."

"बाबा, 'चूक' हा शब्द नसता तरी चाललं असतं."

"गाडी चालली असती. मी नाही."

लोक आले. एक-दोघं रागावले, तेही थोडंच, कारण मास्तर आधीच एवढे ओशाळलेले असत की रागावणाऱ्याला आपण उशिरा आलो असं वाटे. बँकेतून निवृत्त झालेले साहेब मात्र तडकले. "वीस वर्षं तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, मास्तर!"

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं. आता डोळे उघडून बसा इथे आणि ती काय करते ते बघा."

काम मुलगी करत होती. मास्तर स्टुलावर, दोन्ही हात खिशात. पण जीभ खिशात राहात नव्हती. "हलके हलके ठोक. स्टड मागच्या बाजूनं निघतो. हां. आता नवा मागूनच घाल. ठोकून बसवू नकोस, तिरका जाईल. पुढून तीन वॉशर घाल आणि एक जुना नट उलटा लाव. आता नट फिरव. बघ, कसा ओढत आणतो त्याला जागेवर. टेकला? आता वॉशर काढ." बँकवाले साहेब हे बघण्यात इतके रंगले की त्यांची गाडी होऊनही पुढची दोन चाकं बघत बसले. पाचव्या दिवशी मुलगी इतक्या सफाईनं स्टड ओढून घेऊ लागली की मास्तरांना सूचना सुचेनात. मग ते म्हणत, "हं. तसंच," तिनं तसं केल्यानंतर.

शेवटी चाक जमिनीवर टेकवून टकटक्या लावायचा. टक्. समोरचा, टक्. प्रत्येक टक्‌ला मास्तर मान थोडी तिरकी करत. पहिल्या दिवशी तुच्छतेनं. पुढे पुढे ती ऐकायची मान झाली.

बावीस गाड्या झाल्या. बावीस चाकांवर काट बसली. उरलं एक. चार ठिपके.

दोन दिवस ते चाक सापडेना. पंपावरच्या ताईंनी माना मोडून घेतल्या. काकूंचा घसा बसला. मास्तरांची झोप उडाली. "एवढी एक गाडी," ते म्हणत, "कुठेतरी घाटातून जात असेल. आत पोरंबाळं असतील."

सातव्या दिवशी दुपारी तिघं पुन्हा हिंडून दुकानासमोर उतरले. काकू गाडीला टेकून पाणी पीत होत्या. मास्तर बॉनेटवर कॅलेंडर पसरून त्या चाकाकडे बघत होते.

"बघू," म्हणून काकूंनी चष्मा लावला. "कुठल्या दिवशीचं आहे हे?"

"बाविसावी तारीख."

"वार?"

"रविवार."

"रविवारी दुकान बंद असतं."

"मग?"

"मग गिऱ्हाईक कुठून आलं?"

मास्तर आठवू लागले. काकूंना आधी आठवलं. "अहो, त्या रविवारी तुम्हाला घरात करमेना. सकाळपासून अंगणात खुडबुड चालली होती. पुढची चाकं मागे, मागची पुढे..."

काकूंनी गाडीला टेकलेली पाठ सावकाश सोडवून घेतली. मुलगी खाली बसली आणि चाकावरची प्लॅस्टिकची झाकणी नखानं उचकटली. आत चार नट. चारही नटांवर गडद जांभळी रेघ, सुबक, काळजीपूर्वक ओढलेली.

"आठवडाभर," मुलगी म्हणाली, "आपण लोकांना हळू चालवा म्हणून सांगत फिरतोय. हिच्यातून."

"आणि मी खिडकीतून अर्धी बाहेर!" काकू म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यावर काहीतरी हललं. खांदे हलले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच मास्तर मनापासून हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बँकवाले साहेब, जे आता रोजच येऊन बसत, तेही. आजूबाजूच्या दुकानांतून माणसं आली आणि काय झालं ते कळायच्या आधीच हसू लागली.

मुलीनं गाडी जॅकवर घेतली. चारही चाकांचे नट सोडवताना दोन स्टड "खट्" करून तुटले. तेव्हा मात्र सगळ्यांचं हसू थांबलं. तिनं दोन्ही बदलले, शेजारचे तपासले, आटे ब्रशनं साफ केले, नट बोटांनी फिरवून बसवले. गाडी खाली घेतली. टकटक्या उचलला. आणि काकू म्हणाल्या, "तू नको. यांना दे."

"अगं, मी..." मास्तरांचे हात खिशात आणखी खोल गेले. "शेवटची झाली. आता शटर."

"शेवटची अजून झाली कुठे? ही गाडी माझी आहे. हिच्यात मी बसते. माझ्या चाकाचा नट कोणी आवळायचा हे मी ठरवणार का तुम्ही?"

"माझ्या हाताला कळत नाही गं."

"त्याला कळतं," काकूंनी टकटक्याकडे बोट दाखवलं. "तुमचे कान चांगले आहेत. मी भांडी आपटली तर तुम्हाला दुकानात ऐकू येतं. आणि डॉक्टर काय म्हणाले होते? हाताला काम देत राहा. अर्धंच ऐकून आलात तुम्ही."

मास्तरांनी खिशातून हात काढून टकटक्या घेतला. डावा हात पुढे, उजवा नुसता आधाराला. ओढला.

टक्.

"एवढ्यावरच?" त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"एवढ्यावरच, बाबा."

सवयीनं हात थोडा आणखी दाबणार, तेवढ्यात काकू खाकरल्या. "बरण्या!" मास्तरांनी हात चटकन काढला. समोरचा नट. टक्. चौथ्या चाकापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण खांदे खाली आले होते. मग त्यांनी काकूंच्या बहिणीकडची नवी बाटली उघडली. रंग केशरी. रेघा डाव्या हातानं थोड्या वाकड्या आल्या. मुलगी म्हणाली, चालतील, एकसंध आहेत ना. कॅलेंडरात मास्तरांनी आजच्या चौकोनात एक चाक काढलं, चार ठिपक्यांचं, आणि उद्यापासूनच्या रिकाम्या चौकोनांकडे बराच वेळ बघत राहिले. शटर त्या संध्याकाळी रोजच्या वेळेलाच ओढलं गेलं आणि सकाळी रोजच्या वेळेला वर गेलं.

आता दुकानात दोन पाने आहेत. मास्तरांचा पाना नट सोडवायला आणि टकटक्या आवळायला. शनिवारी मुलगीही येते, आणि ती स्टड ओढून घ्यायला लागली की मास्तर स्टुलावर बसून "हं, तसंच" म्हणतात. घरातली साखरेची बरणी काकू स्वतः उघडतात.

त्या गाडीचे शंभर किलोमीटर मात्र भरेनात, कारण तिला जायला कुठे नव्हतंच. शेवटी काकूंनीच रविवारी डबा भरला. पन्नास जायचं, पन्नास यायचं. सत्तावीस वर्षांत दोघं असे कधी निघाले नव्हते. पन्नासाव्या किलोमीटरला, घाटाच्या माथ्यावर, मास्तरांनी गाडी थांबवली आणि उतरून एकेका चाकापाशी वाकून बघितलं. सोळा रेघा. सोळाही एकसंध.

"झाले का मोजून?" वरून काकूंचा आवाज आला. "आता जरा वर बघा. समोर सगळी दरी उघडी पडलीय, आणि तुम्ही गुडघ्याखालीच."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. उजवा हात टेकला होता. पँटच्या कापडाखाली त्यांना गुडघ्याची वाटी जाणवली, अंधूक, पण जाणवली. हे काकूंना नंतर सांगावं, असं ठरवून ते त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि दुसऱ्याच क्षणी सांगून टाकलं.